मिसिंगचा माग

दाढ रात्रभर ठणकते आणि दातांच्या डॉक्टरांचा जिना चढेपर्यंत गप्प होते. जुन्या गाडीचं मिसिंग याच जातीचं. खंडाळ्याच्या चढावर गाडी हिसके देते, सिग्नलवरून उचलताना अडखळते, मागे एखादा फटकाही मारते. गॅरेजात आणून बॉनेट उघडलं, की तेच इंजिन एका लयीत चालू लागतं. "आत्ता येताना करत होती हो!" मालक ओशाळून म्हणतो. हे वाक्य ऐकलं नाही असा मेकॅनिक सापडायचा नाही. जाणता असेल तर तो हसत नाही. दोन प्रश्न विचारतो. थंड असताना करते की तापल्यावर? चढावर करते की उभी असताना?

या प्रश्नांमागे साधं पदार्थविज्ञान आहे. चार सिलिंडरचं फोरस्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. त्यातल्या चार-दोन हुकल्या तरी सीटवर बसलेल्याला कळतं. पण ठिणगी पाडायला किती व्होल्ट लागतील, हे सिलिंडरमधल्या दाबावर ठरतं. गाडी उभी असताना आत हवा कमी येते, दाब कमी राहतो आणि दुबळी ठिणगीही निभावून नेते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सिलिंडर भरून आला, की त्याच प्लगला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. मग वायरीतली बारीक चीर किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमधला तडा करंटला आडवाट दाखवतो. गॅरेजात गाडी ठीक वाटते, कारण तिथे तिच्यावर ओझंच नसतं.

सतत मेलेला सिलिंडर शोधणं सोपं. मधूनच मरणारा आणि मधूनच जिवंत होणारा शोधणं हे वेगळंच काम. गेल्या सव्वाशे वर्षांत या कामाची हत्यारं पार बदलली, पण पद्धत जवळजवळ तीच राहिली. ती थोडी उलट्या काळजाची आहे. आजारी सिलिंडरच्या मागे लागायचं नाही, धडधाकट सिलिंडर मुद्दाम बंद पाडायचे.

सुरुवातीला सिलिंडर एकच होता, त्यामुळे कोणता हा प्रश्नच नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला त्याच्याच मोटारीतून निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. पुढे इग्निशनच्या वायरीने त्रास दिला, तेव्हा मोज्यांचा गार्टर वापरून ती इन्सुलेट केली. इंधन संपलं ते वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. या प्रवासाच्या कौतुकात एक गोष्ट सहसा निसटते. इंजिनाच्या दुखण्याची पहिली वाटणी त्या एका दिवसात झाली होती. आजही बंद पडलेल्या जुन्या गाडीपाशी मेकॅनिक आला, की पहिलं विचारतो, "पेट्रोल येतंय का? करंट येतोय का?"

त्या काळात करंटची बाजू जास्त लंगडी होती. इग्निशन ही सगळ्या अडचणींची मूळ अडचण आहे, असं बर्थाचा नवरा कार्ल बेंझ मानायचा. डाइमलरने वीज टाळून तापलेल्या नळीने मिश्रण पेटवण्याची वाट धरली होती. ती चालायची, पण मिश्रण नेमक्या वेळी पेटवणं तिच्यात नव्हतं. उत्तर आलं श्टुटगार्टहून. तिथे रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये कारखाना काढला होता. बॉशचा मॅग्नेटो १८९७ मध्ये एका द दियाँ-बुताँ तीनचाकीवर चढला आणि १९०२ मध्ये त्यांच्याकडच्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला. बॅटरीविना, इंजिनाच्याच फिरण्यावर वीज. पुढची काही वर्षं युरोपात मॅग्नेटो म्हणजे बॉश हे समीकरणच होतं, इतकं की १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर ब्रिटनची पंचाईत झाली. विमानांना आणि लॉऱ्यांना लागणारे मॅग्नेटो शत्रूकडून यायचे.

मॅग्नेटोची एक चाल मात्र टिकली. पिस्टन इंजिनच्या बहुतेक विमानांना आजही दोन मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी वैमानिक एकेक बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतो. थोडे उतरले तर ठीक. जास्त उतरले, किंवा अजिबात उतरले नाहीत, तरी विमान जागेवरच. अजिबात न उतरणंही वाईट का? कारण जो बंद केला तो बंदच झालेला नाही, अशी शंका येते.

मोटारींच्या जगात ही पद्धत घरोघर पोचवली फोर्डच्या मॉडेल टीने. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर गाड्या विकल्या गेल्या आणि घेणारे बहुतेक शेतकरी, डॉक्टर, दुकानदार. त्यांच्या गावात गॅरेज नव्हतं. फोर्डने गाडीबरोबर प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेली पुस्तिका दिली. तिच्यात मिसिंगचा उतारा आहे आणि तो अजूनही वाचण्यासारखा आहे. मॉडेल टीला प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र कॉइल होती. चारही कॉइली डॅशवरच्या एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसायच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर थरथरणारी पोलादी पट्टी असायची. गाडी चालू असताना चारही पट्ट्या गुणगुणायच्या.

एक्झॉस्टचा आवाज फाटका येऊ लागला, की इंजिन जरा वेगात ठेवायचं आणि दोन कडेच्या पट्ट्या बोटांनी घट्ट दाबून धरायच्या. एक आणि चार नंबर बंद झाले. उरलेले दोन आणि तीन नियमित चालत असतील, तर दोष एक किंवा चारमध्ये. मग चार सोडायचा आणि एक, दोन, तीन दाबायचे. चार एकटा नीट मारत असेल, तर गुन्हेगार एक नंबर. न उपकरण, न मीटर. बोटं आणि कान. कॉइली एकसारख्या असल्याने पुढची चालही सोपी होती. संशयित कॉइल काढून शेजारच्या खाचेत घालायची. दोष तिच्याबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागीच राहिला तर प्लग किंवा वायर. लाखो माणसांना वजाबाकीने विचार करायला शिकवणारं हे पुस्तक शाळेत कुणी लावलं नाही, पण त्या काळच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांपेक्षा त्याने जास्त काम केलं असावं.

दरम्यान ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग वेगळी मांडणी करत होता. कॅडिलॅकने १९०९ मध्ये त्याच्याकडे ८००० संचांची मागणी नोंदवली आणि १९१० च्या मॉडेलवर ते बसले. बॅटरी, एकच कॉइल, एकच पॉइंट, कंडेन्सर आणि चारही प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर. पॉइंट उघडला की कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि बारा-पंधरा हजार व्होल्टचा झटका तयार होतो. कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी पडू देत नाही, म्हणून ते कोसळणं झटकन होतं. ही योजना स्वस्त, आटोपशीर आणि इतकी पुरेशी होती, की पुढची साठ-पासष्ट वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असो की राजाची रोल्स, टोपणाखाली तोच संसार.

केटरिंगने आणखी एक गोष्ट नकळत दिली, ती म्हणजे दोष कुठे शोधायचा त्याचा नकाशा. डिस्ट्रिब्यूटरमधल्या फिरत्या रोटरच्या अलीकडे सगळं सामाईक आहे: बॅटरी, स्विच, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. रोटरच्या पलीकडे प्रत्येकाचा संसार वेगळा: कॅपमधला खांब, जाड वायर, प्लग. म्हणून एकच सिलिंडर ठरून मरत असेल तर पलीकडे बघा. चारही आळीपाळीने, कसेही हुकत असतील तर अलीकडे बघा. अनुभवी मेकॅनिक हे बोलून दाखवत नाहीत, पण बॉनेट उघडण्याआधीच सायलेन्सरचा आवाज ऐकून त्यांची निम्मी यादी कापली गेलेली असते.

आपल्याकडे, मुंबईत, मोटार आली १८९८ मध्ये, टॅक्सी १९११ मध्ये. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला सुटे भाग जोडून शेवर्ले उभ्या करायला सुरुवात केली, तेव्हा देशातला हा पहिला मोटार जोडणी कारखाना होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहनं बाहेर पडली. १९५० च्या दशकात फियाट आली आणि तिच्या गोल, पुढे आलेल्या तोंडामुळे मुंबईने तिला 'डुक्कर फियाट' करून टाकलं. नाव प्रेमाचंच होतं. १९६४ नंतर चौकोनी ठेवणीची डिलाइट आली आणि १९७० च्या दशकात तिलाच पद्मिनी म्हणू लागले. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक-तीन-चार-दोन असा फायरिंगचा क्रम आणि केटरिंगचीच इग्निशन.

या गाडीने महाराष्ट्रात मेकॅनिकांची एक अख्खी पिढी घडवली, आणि त्याचं श्रेय गाडीच्या गुणांपेक्षा टंचाईला जास्त जातं. फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं. मिळालेली गाडी टाकून नवी घेणं हा विचारच कुणाच्या मनात येत नसे. वीस-पंचवीस वर्षं तीच गाडी, तोच मालक, पुष्कळदा तोच मेकॅनिक. दादर-गिरगावच्या गल्ल्यांतल्या मिस्त्रींना कोणत्या डॉक्टरांच्या फियाटचा कोणता प्लग तेल खातो हे पाठ असायचं. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम सुरू झाला खरा, पण बहुतेक कारागीर गॅरेजातच, पाने पुसता पुसता तयार झाले. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला. नवं न मिळालं तर कुर्ल्याला जुनं.

पद्मिनीचं मिसिंग पकडायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. इंजिन आयडलला ठेवायचं. जाड कापड किंवा रबर लावलेल्या पक्कडीने प्लगवरची एक वायर उपसायची. इंजिन खाली बसलं, थरथरलं, तर तो सिलिंडर काम करत होता. वायर परत. दुसरी उपसायची. जिच्या उपसण्याने इंजिनाला काहीच वाटलं नाही, तो मेलेला. मॉडेल टीच्या पट्ट्या दाबण्यात आणि यात तत्त्वाचा फरक शून्य. काहीजण वायर उपसण्याऐवजी लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर प्लगच्या टोकाला आणि हेडला टेकवून करंट तिथेच जमिनीला देत. पकड चुकली तर कोपरापर्यंत झिणझिण्या, हा त्या शिक्षणाचा भाग होता.

मग प्लग खोलायचा आणि वाचायचा. चॉकलेटी रंगाचा प्लग म्हणजे सगळं आलबेल. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, कुठेतरी हवा शिरतेय. टॅक्सीवाल्यांच्या पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं, तर काजळीच सगळी कहाणी सांगायची. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरायचीही पद्धत होती. कागद सारखा बाहेर फडफडला तर ठीक. मधूनच तो आत ओढला गेला, तर जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मग प्लग, पॉइंट बदलून काही होणार नाही, हेड उतरवायलाच हवं.

पण हे सगळं कायमच्या दोषाला. मधूनच होणाऱ्या मिसिंगचा खरा कस डिस्ट्रिब्यूटरमध्ये लागायचा. कॅप काढली की आत एक फिरती पाटी असते, तिच्यावर पॉइंट बसलेला. इंजिनाच्या सक्शनने ही पाटी थोडी फिरते आणि ठिणगी लवकर पडते. पॉइंटकडे जाणारी एक आखूड, मऊ वायर त्या पाटीबरोबर दिवसातून हजारो वेळा वाकते. वर्षांनी तिच्यातले तांब्याचे तंतू आतल्या आत तुटतात. वरचं कापडी वेष्टण शाबूत. बघणाऱ्याला वायर चांगली दिसते, टेस्ट लॅम्प पेटतो, आयडलला इंजिन चालतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला, पाटी फिरली, तुटकी टोकं लांब गेली, करंट गेला. पाटी परतली, करंट आला. असा दोष महिनाभर छळू शकतो आणि त्या महिन्यात प्लग, पॉइंट, कॉइल, सगळं नवं होऊन बसलेलं असतं. जाणते मिस्त्री व्हॅक्यूमची नळी तोंडात धरून ओढायचे. पाटी हलायची, आणि इंजिन जागच्या जागी अडखळलं की चोर सापडला. वायर दोन-अडीच इंचांची.

पॉइंटचं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून थोडं कमी ठेवायचं, फिलर गेजने. पण डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचं बुश झिजलं असेल, तर दांडा डगडगतो आणि हे अंतर प्रत्येक सिलिंडरला वेगळं पडतं. मग कितीही सेटिंग केलं तरी दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. गिऱ्हाईक म्हणतं मिस्त्रीला काम येत नाही. मिस्त्री म्हणतो मालाला दम नाही. दोघेही बुशाकडे बघत नाहीत.

उष्णतेचे खेळ याहून फसवे. कंडेन्सर आणि कॉइल थंड असताना निर्दोष असतात. तापल्यावर आतलं इन्सुलेशन दगा देतं, अर्धा तास थांबलं की पुन्हा ठाकठीक. बोरघाट चढून शिंगरोबाच्या देवळापाशी फियाट धापा टाकत उभी राहायची, त्यातल्या निम्म्या गाड्यांचा दोष मात्र करंटचा नसायचाच. इंजिनाच्या अंगाला बसलेला पेट्रोल पंप इतका तापायचा, की पेट्रोलची आत वाफ व्हायची आणि पंप नुसताच वाफ ढकलत बसायचा. लोक पंपावर ओलं फडकं टाकायचे. गाडी सुरू व्हायची. त्यामुळे झालं असं, की कंडेन्सर गेलेल्या गाडीवरही ओलं फडकंच पडायचं. तीही वीस मिनिटांनी सुरू व्हायची, कारण तेवढ्यात कंडेन्सर निवला असायचा, आणि श्रेय फडक्याला मिळायचं. दोन्हीतला फरक ओळखायला कॅपमधली मधली वायर काढून तिचं टोक इंजिनापासून थोडं दूर धरून स्टार्टर मारायचा. निळी, कडाडून पडणारी ठिणगी असेल तर पेट्रोलकडे बघा. पिवळी, मरगळलेली असेल तर कंडेन्सर आणि कॉइलकडे. घाम पुसत उभ्या असलेल्या कुटुंबप्रमुखाला हे सुचणं अवघड, म्हणून दोन मिनिटांची ही परीक्षा फारशी कुणी केली नाही.

आणि पाऊस. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपला घामासारखा दमटपणा धरला, की करंट प्लगकडे जाण्याऐवजी कॅपच्या अंगावरून चालू लागतो. एकदा ती वाट जळाली, की पेन्सिलीची बारीक रेघ ओढल्यासारखा कार्बनचा माग उमटतो आणि कॅप कोरडी झाली तरी करंट तीच वाट धरतो. हा माग दिवसा दिसत नाही. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडायचं आणि वायरींवर थोडं पाणी शिंपडायचं. जिथे चीर आहे तिथे निळसर ठिणग्या रांगताना दिसतात. या व्यवसायातलं हे एकमेव निदान असेल, जे अंधारातच होतं.

पावसाची ही तक्रार केवळ कोकण-मुंबईची नाही. अलेक इसिगोनिसने रचलेली आणि १९५९ मध्ये बाजारात आलेली ब्रिटनची मिनी हे याचं नामांकित उदाहरण. तिचं इंजिन आडवं होतं आणि डिस्ट्रिब्यूटर थेट पुढच्या जाळीमागे. पावसात समोरून आलेलं पाणी नेमकं त्याच्यावर उडायचं आणि गाडी भर रस्त्यात बसायची. लोकांनी काढलेला तोडगा असा, की भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्यायचा, बोटांची टोकं कापायची, वायरी त्या बोटांतून बाहेर काढायच्या आणि मोजा कॅपवर चढवायचा. चार प्लगच्या, एक कॉइलची. पाच बोटं, पाच वायरी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तेच काम प्लास्टिकच्या पिशवीवर भागवलं.

१९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. तेव्हा मिसिंगने नवं रूप घेतलं. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. पेट्रोलवर कशीबशी निभावणारी वायर, अर्धवट गेलेली कॉइल, दोन-तीनशे रुपये वाचवायला टाळलेले प्लग, सगळ्यांचं पितळ गॅसवर उघडं पडलं. "गॅसवर मिसिंग मारते, पेट्रोलवर नाही" हे ऐकलं की नवखा मेकॅनिक गॅस किटच्या मागे लागायचा. अनुभवी प्लगमधलं अंतर थोडं कमी करायचा आणि वायरी बदलायचा. किट निर्दोष असायचं.

पाश्चात्त्य देशांत यंत्रांनी ही कामगिरी आपल्याकडे घ्यायला बरीच आधी सुरुवात केली होती. १९५० च्या दशकापासून अमेरिकेतल्या मोठ्या गॅरेजांत ऑसिलोस्कोप आले. शिकागोच्या सन इलेक्ट्रिक कंपनीची उंच, चाकांवर सरकणारी कपाटं ही तिथल्या गॅरेजांची शान असायची. पडद्यावर सगळ्या सिलिंडरच्या ठिणग्या शेजारी शेजारी उभ्या राहत. एखादा सुळका भलताच उंच दिसला तर वायर तुटकी किंवा प्लगचं अंतर फार. बुटका दिसला तर कुठेतरी गळती. त्याच कपाटावर बटणांची एक ओळ असायची. एक दाबलं की एक सिलिंडर बंद, फेरे किती उतरले ते काट्यावर वाचा. पुन्हा तीच जुनी युक्ती, फक्त बोटाखाली आता पोलादी पट्टीऐवजी बटण. हीच युक्ती मोर्स टेस्ट या नावाने आपल्या पॉलिटेक्निकच्या मुलांनी प्रयोगवहीत कित्येकदा लिहिली आहे. एकेक सिलिंडर बंद करा, शक्ती किती घटली ते मोजा. गल्लीतला मिस्त्री आणि कॉलेजातला प्रयोग एकच गोष्ट करतात, हे त्यातल्या थोड्याच विद्यार्थ्यांना कुणी सांगितलं असेल.

पॉइंटचा अंत १९७० च्या दशकात सुरू झाला. क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या अमेरिकी गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन कायमची बसवली, इतर कंपन्या मागोमाग आल्या. मिसिंगचा खरा कायापालट मात्र कॅलिफोर्नियाच्या धुरक्याने घडवला. हुकलेल्या ठिणगीचं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळवू शकतं, म्हणून मिसिंग हा चालकाच्या गैरसोयीचा प्रश्न न राहता कायद्याचा विषय झाला. तिथल्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीनेच स्वतःचे दोष नोंदवण्याची, म्हणजे ओबीडीची, सक्ती केली आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना ओबीडीचा दुसरा, कडक अवतार लागू झाला. त्यात मिसिंग मोजणं बंधनकारक होतं.

मोजायचं कसं, याचं उत्तर सुंदर आहे. क्रँकशाफ्टवर दाते असलेलं चाक असतं. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला ढकल बसते आणि दाते जरा भराभर जातात. ढकल नाही बसली, तर पुढचे दाते किंचित उशिरा येतात. संगणक हा उशीर सेकंदाच्या लाखाव्या भागांत मोजतो आणि कोणत्या सिलिंडरच्या पाळीला तो झाला ते लिहून ठेवतो. २०० फेऱ्यांच्या हिशेबात कन्व्हर्टर धोक्यात येण्याइतके हुकले, की दिवा लुकलुकू लागतो. मिस्त्री वायर उपसून इंजिन खाली बसतंय का ते कानाने ऐकत होता. संगणक तेच, न उपसता, दाते मोजून करतो. त्यालाही चकवणारी एक गोष्ट आहे: खराब रस्ता. खड्ड्यांतून आलेले हिसके चाकांवाटे क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसिंगसारखे दिसतात. म्हणून अनेक गाड्यांत चाकांच्या सेन्सरकडून रस्ता खडबडीत असल्याची वर्दी घेऊन मोजणी तेवढ्यापुरती थांबवतात. आपल्याकडच्या पावसाळी रस्त्यांवर तो संगणक किती वेळ सुट्टीवर असतो, कोण जाणे.

भारतात २००० च्या आगेमागे कडक उत्सर्जन नियमांनी कार्ब्युरेटरची सद्दी संपवली आणि बीएस-४ च्या नियमांबरोबर ओबीडीही आली. आता गल्लीतल्या गॅरेजातही हातात मावणारा स्कॅनर असतो. तो सांगतो, पी०३०२, म्हणजे दोन नंबर हुकतोय. का हुकतोय, ते सांगत नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, दबलेला व्हॉल्व्ह, काहीही असू शकतं. मग चांगला मेकॅनिक दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर घालतो आणि गाडी फिरवून आणतो. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. मॉडेल टीच्या शेतकऱ्याने खाच बदलून हेच केलं होतं. वाईट मेकॅनिक कोड वाचतो, कॉइल मागवतो, बिल लावतो. अंदाजाने भाग बदलत राहण्याची सवय पॉइंटच्या जमान्यातही होतीच. स्कॅनरने तिला अधिकृत शिक्का दिला आणि भाग महाग झाले, एवढंच.

पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने, ताडदेवच्या आरटीओत २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनीची टॅक्सी उरली नाही. खासगी फियाट मात्र आहेत, रविवारी सकाळी झाकणं काढून त्या फिरवणारे मालकही आहेत. तुमच्याकडे त्यातली एक असेल आणि ती मधूनच मिसिंग मारत असेल, तर गॅरेजात जाण्याआधी एक करा. कधी मारते ते आठवडाभर लिहून ठेवा: थंड की गरम, चढ की सपाट, पाऊस की ऊन, पेट्रोलच्या टाकीत किती होतं. मेकॅनिकबरोबर ट्रायलला स्वतः बसा आणि त्याच चढावर न्या. पॉइंट-कंडेन्सर नवे बसवलेत, तर चालू असलेला जुना कंडेन्सर फेकू नका, कागदात गुंडाळून डिकीत ठेवा. नव्यानेच दगा दिला, तर घरी यायला तोच उपयोगी पडेल.